खोडलेला सातवा प्रश्न

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा वेदपाठशाळेत शिकले. ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या घरी महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांची श्राद्धं, पिंडदान बाबा करतात. म्हणून एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला ‘यात्रेकरू पुरोहित कसा निवडतात’ हा विषय मला सोपा वाटला.

प्रश्नावली मी एआयकडून लिहून घेतली. सातवा प्रश्न होता: हे पुरोहित तुम्ही का निवडले? दक्षिणा, अनुभव की कुणाची शिफारस? एकावर खूण करा.

पहिल्याच सकाळी घाटावर, बाबांकडे आलेल्या साताऱ्याकडच्या एका आजींना तो विचारला. त्या हसायलाच लागल्या.

“निवडायला गुरुजी म्हणजे काय वांगी आहेत? आमच्या गावाचे हेच. माझ्या सासऱ्यांची सही आहे यांच्या वहीत, आत्ताच बघितली.” मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, तुमची लेक एवढं शिकून हे विचारते होय?”

मला फार लाज वाटली. यात्रेकरूंच्या नावा-सह्यांच्या, गावागावांच्या त्या वह्या पावसाळा संपला की मीच गच्चीवर उन्हात ठेवायचे. कोणतं गाव कोणत्या पुरोहिताच्या घराकडे, हे मला पाठ होतं. तरी आपल्याला ठाऊक असलेलं अर्थशास्त्रात चालत नसेल, असं मी धरून चालले होते.

दहा सकाळी बसून चाळीस फॉर्म भरले. प्रकल्पाचे सर म्हणाले, “दो सौ तो चाहिए, बेटा.” मग त्यांनी उपाय सांगितला: एआयलाच यात्रेकरू व्हायला सांग, उरलेली उत्तरं तेच देईल. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तसंच केलं होतं. प्रकल्प नापास झाला तर माझं वर्ष जाणार होतं.

मी करून पाहिलं. चहा निवायच्या आत एकशे साठ यात्रेकरू उत्तरं देऊन मोकळे. सातव्या प्रश्नावर सगळ्यांनी नीट खूण केली. एकही हसला नाही.

एआयवर माझा राग नाही. सरांना विचारायला घाबरत होते ती आकडेमोड त्यानेच मला न कंटाळता समजावली. पण त्या आजींच्या जागी मी त्याला बसवणार नाही.

मी चाळीसच फॉर्म दिले. सातवा प्रश्न खोडला आणि खाली लिहिलं: हा प्रश्न चुकला आहे. इथे कुणी निवडत नाही. का, ते पुढे मांडलं आहे.

सरांनी पानं चाळली. “रिजेक्ट हो गया तो?”

मी म्हटलं, “तो फिर घाट पर बैठूँगी, सर. एक सौ साठ ही तो बाकी हैं.”

त्यांनी फाइल ठेवून घेतली. निकाल अजून लागलेला नाही, पण मी वाट बघत थांबलेले नाही. रोज सकाळी घाटावर असते. नव्या फॉर्मवर पहिला प्रश्न, बाबा आलेल्या प्रत्येकाला विचारतात तोच आहे: गाव कोणतं?