काजवालीच्या खुर्चीवर दादा

कोट शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे काजवालीच म्हणायचे. काजं पाडायची यंत्रं केव्हाच आली होती, पण भारी कोटाला हातानेच केलेलं काज लागतं, आणि तसं काज करावं तर तिनेच. दोऱ्याला मेण लावून ती एकदा खाली मान घालून बसली की शेजारी कोणी नाचलं तरी तिला पत्ता नसायचा.

नवरा गेल्यावर थोरल्या भावाने तिला आपल्याकडे आणलं, या परक्या भाषेच्या गावात. त्यालाही आता वर्षं लोटली, इथली भाषाही ती बोलायला शिकली. दादा माणूस लाखात एक, उगाच खोटं कशाला बोला! पण सोन्याची सुरी झाली म्हणून काय ती कोणी उरात खुपसून घेतं? डॉक्टरने हिला विचारावं "कुठे दुखतं?" आणि उत्तर द्यावं दादाने. चपलांच्या दुकानात हिच्या पायाचं माप दादा सांगणार. झोपायला हिला हॉलमधला सोफा, तोही वहिनीच्या मालिका संपल्यावर. कधी हूं की चूं केलं तर वहिनी म्हणायची, "अहो वन्सं, काय कमी आहे तुम्हाला इथे?" कमी काहीच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसा तो होता, आणि वर मायेचा.

मग तिची बोटं बधिर व्हायला लागली. सुई हातातून सुटायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, मनावर ताण आहे, समुपदेशक मॅडमकडे जा. दादा गाडीतून सोडायला आला. वर यायलाही निघाला होता, पण मॅडमनी दारातच त्याला हसून थांबवलं. "आत फक्त त्या. इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही," असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कोणी दादाला दाराबाहेर ठेवलं नव्हतं. तिथेच तिचा जीव मॅडमवर जडला.

मॅडम होत्याही गोड. हिची भाषा त्यांना येत नव्हती, पण "बसा" आणि "कशा आहात" एवढं त्या मुद्दाम शिकून आल्या होत्या. उच्चार असा की हिला हसू दाबावं लागायचं. वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांशी कसं बोलावं, कोणाच्या रीती काय, याची शिबिरं त्या करायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?"

"दादा. आणखी कोण घेणार?" काजवाली वैतागून म्हणाली. "आमच्यात मोठ्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही."

अहो, ती बाई रडगाणं गात होती! मॅडमना वाटलं, रीत सांगते आहे. त्यांनी आदराने मान हलवली.

काही भेटी झाल्यावर काजवालीने मनातलं खरं बाहेर काढलं. शेजारच्या गावात एका बाईचं कपड्यांचं दुकान होतं. तिला हाताने काम करणारी हवी होती, आणि दुकानाच्या वर राहायला खोली होती. लहानशीच, पण दाराला आतून कडी. काजवाली गुपचूप जाऊन ती बघून आली होती. ती कडी तिने तीनतीनदा लावून पाहिली, एवढी ती खूश झाली.

"दादाला आधी सांगायचं नाही," ती म्हणाली. "तो रडेल, आणि तो रडला की माझा पाय निघणार नाही. आधी जाईन, तिथून फोन करीन. पाया पडीन, माफी मागीन, पण तिथून."

हे बोलून झाल्यावर तिने टेबलावरचा पेला सहज उचलला. बोटांना काच गार लागली. "मॅडम, लागतंय हो!" म्हणून ती लहान पोरीसारखी हसली.

पुढच्या भेटीच्या दिवशी दादा म्हणाला, "तू कामावरून परस्पर जा, मला आज काम आहे." ही जिना चढून गेली, दार उघडलं, तर हिच्या खुर्चीवर दादा!

मॅडम उठून पुढे आल्या. चेहऱ्यावर अशी माया, की काय सांगू. "मीच त्यांना बोलावलं. तुमच्या संस्कृतीत कुटुंबाला बाजूला ठेवून उपचार होत नाहीत, ते मी विसरले होते. तुम्हाला एकटीने हे ओझं वाहायला लावलं, ती माझी चूक. मी त्यांना दुकानाचं सांगितलंय, खोलीचंही. आता आपण तिघं मिळून ठरवू."

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडला. "माझं काय चुकलं ते तरी सांग गं," म्हणत मॅडमच्या देखत घळाघळा रडला, आणि मॅडमनी त्याच्यापुढे रुमालांचा डबा सरकवला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपणाला वाटत होतं आपण राखण करतोय.

घरी कोणी तिला रागाचा एक शब्द बोललं नाही. वहिनीने मालिका लवकर बंद केली. दोन दिवसांनी काजवाली कारखान्याच्या जिन्यात उभी राहून दुकानवालीशी फोनवर बोलली. दुकानवाली बिचारी ओशाळून म्हणाली, "तुमच्या भावाचा फोन आला होता. तुमच्यावर उपचार चालू आहेत म्हणाले, एकटं ठेवणं बरं नाही म्हणाले. तुम्ही आधी बऱ्या व्हा. मी दुसरी बाई ठेवलीय." दादाने यात खोटं काय सांगितलं होतं? काहीच नाही.

त्या दिवशी सुई इतक्या वेळा पडली की मुकादमाने तिला बटणं मोजायला बसवलं.

पुढची भेट दादानेच ठरवली. काजवाली आत गेली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. मॅडमनी हिच्या भाषेत विचारलं, "कशा आहात?"

"खोली गेली," ती म्हणाली. "दादाने फोन केला. तुम्ही सांगितलंत म्हणून केला."

मॅडमचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुमच्या लोकांत—"

"एक विचारते, मॅडम. तुमच्याच भाषेची एखादी बाई इथे बसून हेच बोलली असती, तर तिच्या भावाला बोलावलं असतं तुम्ही?"

मॅडम प्रामाणिक, तेवढं श्रेय द्यायला हवं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग मला का?" काजवालीचा आवाज चढला. "मी तुम्हाला माणूस समजून सांगितलं हो! तुम्ही मला कोण समजलात? केसाने गळा कापलात माझा." आणि ती रडली, इतक्या भेटींत पहिल्यांदा. मॅडमनी माफी मागितली, मनापासून मागितली. पण माफी घेऊन तिने राहायचं कुठे?

वेळ संपायच्या आधीच ती खाली उतरली. दादा गाडीपाशी उभा होता. तिला बघताच त्याने पुढे होऊन दार उघडलं.

"झालं मन मोकळं? डोळे लाल दिसतायत. काय बोललीस आज?"

"मला कशाला विचारतोस? वर जा. त्या सांगतील तुला."

दादाने तिला जपून गाडीत बसवलं, बाहेरून दार लावलं, आणि तो खरंच जिना चढायला लागला.