भर दुपारची टीम

आमच्या जुन्या टीममधल्या चौघी कुठे लग्नाबिग्नात भेटलो की पंगतीतच सुरू होतो. एकीने काही काढलं की दुसरीला दुसरं आठवतं, ताटातलं गार होऊन जातं. आजूबाजूचे हसतात. "क्या मज़े थे यार तुम लोगों के!" म्हणतात. आम्ही पण हसतो. मजा होती की काय होतं, ते तुम्हीच बघा.

तेव्हा मध्य प्रदेश नवानवाच होता. इंदूरच्या एका सरकारी खात्याला मुलींची बास्केटबॉल टीम हवी होती, म्हणून आम्हाला नोकरीवर घेतलं. कागदावर क्लार्क, कामाला खेळाडू! मी शैला. मी ठीकठाक खेळायचे. विमलची गोष्ट वेगळी. ती बॉल घेऊन निघाली की समोरच्या टीमच्या मुलीसुद्धा क्षणभर बघत राहायच्या.

*

ग्राउंड एकच होतं. सकाळी मुलांची टीम, संध्याकाळी मुलांची टीम. खात्याच्या स्पोर्ट्स क्लबचे सेक्रेटरी होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. म्हटलं, साहेब, संध्याकाळी तासभर तरी द्या.

"शाम को? लड़कियों को? लोग खड़े होकर देखेंगे, अच्छा लगता है क्या?"

मग आम्हाला दुपार मिळाली. मे महिन्यातली पण! सिमेंट इतकं तापायचं की बुटांतून तळवे भाजायचे. विमल म्हणायची, "पळत राहा गं, उभी राहिलीस तर पोळी होशील."

पुढे एका समारंभात हेच साहेब आमच्याकडे बोट दाखवून आपल्या मिसेसना म्हणाले, "लड़कियां तो अच्छे घर की हैं, पर रंग कितना दब गया बेचारियों का!"

*

विमलची उंची. तिच्या आईची झोप त्या उंचीने उडवली होती. आई एका बुधवारी खजरान्याच्या गणपतीला गेल्या आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढून आल्या. मुलीची वाढ आता थांबू दे, म्हणून.

वळून बघतात तर मागे आमचे कोच यादव सर, हातात कुंकू घेऊन नंबर लावून उभे!

"अरे माताजी, आप भी? मैं भी विमल के लिए ही आया हूं. बस दो इंच और दे दें भगवान!"

विमल त्या वर्षी आणखी वाढली. आई कितीतरी दिवस खजरान्याला गेल्या नाहीत.

*

तिचे वडील आप्पासाहेब. त्यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आणि ही गोष्ट आप्पासाहेब दूधवाल्याला पण सांगायचे. पहिल्यांदा मॅचचा फोटो पेपरमध्ये आला. शॉर्ट्समध्ये, दोन्ही पाय हवेत. आप्पासाहेबांनी पेपर घडी करून टेबलावर ठेवला. मी समोरच बसले होते, पोहे खात.

"आमच्या घराण्यातल्या बायका घोड्यावर बसल्या," ते म्हणाले, "पण चड्डीत चारचौघांत नाचल्या नाहीत."

विमल म्हणाली, "मग घोडा द्या, आप्पा."

त्या दिवसापासून आप्पासाहेब तिच्याशी आईमार्फत बोलायला लागले. "हिला सांगा, जेवून घे म्हणावं." ती समोर बसलेली असायची. लग्न होऊन जाईपर्यंत हेच.

*

एकदा आमची रिंग तुटली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, नवीन येईल, अर्ज करा. अर्ज केला, रिंग काही आली नाही. शेवटी यादव सरांनी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून सळी वाकवून रिंग करून घेतली. ती झाली लहान. बॉल अगदी मधोमध गेला तरच आत, जरा इकडेतिकडे की बाहेर. हीच रिंग आम्ही सगळा सीझन वापरली. मुली रडकुंडीला यायच्या, विमल मात्र एकटीच मागे थांबून मारत बसायची.

मग बाहेरगावी टूर्नामेंटला गेलो, तर तिथली रिंग आम्हाला विहिरीएवढी दिसायला लागली! विमलने मारलं की आत, मारलं की आत. आम्ही कप घेऊनच परतलो.

सत्कार झाला. सेक्रेटरी साहेबांनी हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून घेतला आणि माइकवर म्हणाले, "लोग पूछते हैं, इनकी जीत का राज़ क्या है? मैं कहता हूं, सुविधाएं!"

यादव सरांनी टाळ्या वाजवल्या. नोकरी त्यांची पण तिथेच होती ना.

*

टूर्नामेंट नसली की ऑफिसात बसावं लागायचं. तिथे मुलांच्या टीमला कोणी काम सांगायचं नाही. "खिलाड़ी आदमी है, थका होगा." आम्हाला मात्र साहेबांच्या घरच्या पाहुण्यांसाठी रांगोळी काढायला नेलेलं आहे.

विमलच्या सेक्शनला एक हेडक्लार्क होते. कप जिंकून ती कामावर आली, त्याच सकाळी त्यांनी कचऱ्याची टोपली पायाने तिच्याकडे सरकवली. "विमलजी, आप तो बास्केट की एक्सपर्ट हैं. ये वाली भी आप ही देख लिया करो!"

सगळं सेक्शन हसलं. विमलने टोपली उचलली, बाहेर जाऊन रिकामी केली, जागेवर आणून ठेवली. नंतर मला म्हणाली, "शैला, फाउल दिला असता तर बरं वाटलं असतं. पण इथे शिट्टी कोणाकडे आहे?"

*

मग तिला स्थळ आलं. श्रीकांत, आमच्याच खात्यात इंजिनीयर. आमच्या सगळ्या मॅचेस बघितलेला, खांबाला टेकून उभा असायचा. बघायला आला तेव्हा आईने विमलला "उठू नकोस" म्हणून बजावलं होतं. हाच म्हणाला, "बसून का? मला माहितीये त्या किती उंच आहेत."

विमल दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आली ती हसतच. "माझी उंची नाही गं, माझा खेळ बघितलाय त्याने." तिला इतकं खूश मी कप जिंकल्यावर पण बघितलं नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत भारताच्या टीमच्या कॅम्पसाठी तिचं नाव आलं. इंदूरच्या मुलीचं! यादव सर मिठाईचा, मावाबाटीचा डबा घेऊन तिच्या सासरी गेले. परत आले ते थेट माझ्याकडे. सायकल पण नीट लावली नाही.

"मान गए! मान गए जमाई बाबू!"

"काय म्हणाले?"

सरांना मराठी जेमतेम कळायचं. आठवून आठवून बोलले, "बोले, 'सर, मला तिचा खेळ फार आवडायचा.' आवडायचा. मतलब पसंद है, यही ना?"

मी म्हटलं, "नहीं सर. पसंद था."

सर पायरीवर बसले. डबा तसाच त्यांच्या मांडीवर होता. विमलने आत कपबश्या धुता धुता सगळं ऐकलं होतं, ती बाहेर आलीच नाही, हे त्यांनी मग सांगितलं. कॅम्पला तिच्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी शहरातली मुलगी गेली. थोड्या महिन्यांनी विमलने नोकरी पण सोडली.

*

हा शेवटचा किस्सा. काही वर्षांनी खात्याची मोठी मॅच होती, आमच्याच ग्राउंडवर, आणि आता संध्याकाळी! मी खेळणं सोडून रेफरी झाले होते. पहिल्या रांगेत श्रीकांत, शेजारी त्याचे भोपाळहून आलेले मोठे साहेब, आणि पलीकडे विमल. जांभळी साडी, मांडीवर मुलगी.

हाफटाइमला श्रीकांत साहेबांना म्हणाला, "सर, हमारी मिसेस भी टॉप की प्लेयर थीं."

"अच्छा? तो भाभीजी, एक हो जाए!"

लोकांनी टाळ्या सुरू केल्या. श्रीकांत तिच्या मांडीवरून मुलीला घेत म्हणाला, "जा ना, दाखव एकदा साहेबांना. मारून ये."

विमल उठली. चपला काढल्या, पदर खोचला आणि फ्री थ्रोच्या लाइनवर येऊन उभी राहिली. मी तिच्या हातात बॉल दिला. तिने बॉल बोटांवर फिरवला, अंगठ्याने दाबून बघितला, एकदा वर रिंगकडे बघितलं. मग बॉल माझ्या हातात परत दिला.

"हवा कम है, शैला," ती म्हणाली आणि चपला घालून जागेवर जाऊन बसली.

"भूल गई होंगी!" श्रीकांत म्हणाला. साहेब हसले, मग सगळेच हसले.

मॅच पुन्हा सुरू करायची होती. मी लाइनवर उभी राहून बॉल एकदा जमिनीवर आपटला. तो सरळ माझ्या छातीपर्यंत उसळला.