मक्न्याचं पाणी

"तू कोण गं?" कुसुममावशींनी मला विचारलं.

बसमध्ये तीन तास आम्ही शेजारी बसून आलो होतो. त्यांच्या नणंदेच्या आंब्याच्या कलमांपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलून झालं होतं. आणि आता डोंगरात कोरलेल्या थडग्यांसमोर एका दगडावर बसून त्या मला ओळखत नव्हत्या. फेब्रुवारीतला बोचरा वारा सुटलेला, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

थोडं मागचं सांगते. सौदीच्या वायव्य टोकाला तबुक शहर आहे. तिथल्या एका हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. वर्षातून एकदा हॉस्पिटलची ट्रिप निघायची. त्या वर्षी समुद्राकडची ठरली. आधी अल बाद, म्हणजे ही थडगी. मग मक्ना. तिथे समुद्राला लागून खजुरांच्या सावलीत वाळूतून गोड पाणी वर येतं, आणि तिथले लोक त्याचं नातं मुसा पैगंबरांशी जोडतात. शेवटी ऐनूना, जिथे रोमन काळात धूप आणि मसाल्यांची गलबतं लागायची म्हणतात. गाइड होते उस्ताद सालेह, शाळेत इतिहास शिकवणारे. त्या काळी या जागांना कुंपण आणि कुलूप असायचं. हॉस्पिटलचं पत्र, सगळ्यांच्या इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या कॉपी, एवढं दाखवलं की राखणदार फाटक उघडणार.

मी ट्रिपची नर्स. हातात एक लिस्ट. नाव, आजार, औषध, नाश्ता. मावशी म्हणजे आमचे सर्जन डॉक्टर दळवी यांच्या आई, गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. डायबिटीस, रोज सकाळी गोळी.

"मावशी, नाश्ता झाला ना?"

"झाला गं बाय."

मी टिक केली. खरं तर निघण्यापूर्वी डायबिटीसवाल्याचं बोट टोचून साखर बघायची असा नियम. मशीन हातात होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आईला राहू द्या आता. किती दिवसांनी खुशीत आहे." साहेबांची आई. मी मशीन पर्समध्ये टाकलं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक अल बादला केली. मक्न्याच्या परवानगीसाठी ड्रायव्हर बस घेऊन कोस्ट गार्डच्या चौकीवर गेला. माझी इमर्जन्सी बॅग जड होती, चढ होता, म्हणून ती मी बसमध्येच ठेवली. नसेतून द्यायचं ग्लुकोज त्या बॅगेत. उस्ताद सांगत होते, ही थडगी नबाती लोकांनी कोरली, पुढे रोमनांनी त्यांचं राज्य गिळलं. मी अगदी मान डोलावून ऐकत होते.

आता मशीन काढून मावशींचं बोट टोचलं. सदतीस. सत्तरच्या खाली गेली की आम्ही सावध होतो. याला आम्ही हायपो म्हणतो. मेंदूला लागणारी साखर रक्तात उरत नाही. आधी घाम, मग भ्रम, मग झटके, मग माणूस जातं. कधीकधी अर्ध्या तासात.

"आई, काही खाल्लं होतंस का सकाळी?" डॉक्टर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"तीर्थावर जायचंय ना," मावशी पुटपुटल्या. "आधी कसं खायचं?"

तेव्हा उलगडा झाला. देवाच्या ठिकाणी जाताना दर्शन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. उस्तादांचा कार्यक्रमाचा कागद मुलाने त्यांना आदल्या दिवशी वाचून दाखवला होता. मक्न्याचा झरा त्यांनी तीर्थ ठरवून टाकला. साखर खाली आणणारी गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घेतली. औषधाला चालतं!

बस नाही. मोबाइलला रेंज नाही. एका वॉर्डबॉयला चौकीच्या दिशेने पळवलं. राखणदाराने आपल्या खोलीतून खजूर, साखरेचा डबा, चमचा आणि चहाची किटली आणली. खजूर मी बाजूला ठेवला. अशा अवस्थेत घशात अडकला तर दुसरंच संकट. किटलीत नुसतं कोमट पाणी होतं. त्यात भरपूर साखर ढवळली आणि चमचा तोंडाशी नेला. मावशींनी दात घट्ट मिटले.

"आई, तोंड उघड!"

त्यांनी मुलाचा हात झटकला. "कोण तुम्ही? लांब व्हा."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. रोज माणसांची पोटं उघडणारा माणूस, त्याला आईच्या तोंडात चमचाभर पाणी घालता येईना.

उस्तादांनी विचारलं काय झालं. मी मोडक्या अरबीत सांगितलं, उपास आहे. ते हळूच म्हणाले, "आजाऱ्याला उपास माफ असतो, सिस्टर. सांगा त्यांना." मी सांगितलं. मावशींचे डोळे आता वर जायला लागले होते.

मग मी जे केलं ते कुठल्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. त्यांच्या कानाशी वाकले आणि देवळात गुरुजी बोलतात तसं ठामपणे म्हटलं, "मावशी, मक्न्याचं तीर्थ आलंय. हात पुढे करा."

मुलाला न ओळखणारी बाई, पण तिचा उजवा हात वर आला. पंजाची खोलगट वाटी झाली. डावा हात आपोआप खाली लागला. मी चमचाभर पाणी ओतलं. त्यांनी ते ओठांना लावून सुर्र करून ओढलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पुन्हा हात पुढे. चमच्यामागून चमचा. आमची माणसं भोवती उभी होती. राखणदार किटली धरून मान खाली घालून उभा.

दहा मिनिटांनी सत्तेचाळीस. आणखी दहा मिनिटांनी अडुसष्ट. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "अगो, तू रडतेस कशाला?"

तेवढ्यात बस आली. ग्लुकोज लावलं. पण त्या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरते. उस्ताद म्हणाले, मक्ना इथून फक्त अर्ध्या तासावर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. मी म्हटलं, "खलास. परत तबुक." मावशी वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये त्यांनीच विषय काढला. "झरा नाही दिसला, पण तीर्थ मिळालं. यांच्या नावाने घेतलं मी." यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं. आता खोटं पोटात ठेवणं मला जमेना.

"मावशी, ते तीर्थ नव्हतं. राखणदाराच्या किटलीतलं साखरेचं पाणी होतं. टँकरचं."

"माझ्या जिवासाठी केलंस, कळतं मला. पण देवाचं नाव घेऊन फसवलंस गो." म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

इन्सिडेंट रिपोर्ट मी स्वतः लिहिला. साखर तपासली नाही, बॅग बसमध्ये ठेवली, दोन्ही चुका माझ्या. फिलिपिनो सुपरिंटेंडंटने वाचून विचारलं, "तळहातावरून पाजलं? का?" मी म्हटलं, "मॅडम, तेवढाच रस्ता उघडा होता." तिने सही केली आणि मला वॉर्निंग लेटर दिलं. योग्यच दिलं.

डिस्चार्जच्या दिवशी उस्ताद सालेह हॉस्पिटलच्या दारात एक प्लास्टिकची बाटली ठेवून गेले. मक्न्याचं पाणी, आजीबाईंसाठी. मी ती मावशींच्या पलंगाशी नेली.

"हे तरी खरं का?"

"उस्ताद म्हणाले मक्न्याचं. मी काही तिथे नव्हते."

"म्हणजे तुला ठाऊक नाही."

"नाही, मावशी."

त्या उठून बसल्या, पदर सारखा केला. "आता खरं बोललीस," म्हणाल्या, आणि उजव्या हाताची वाटी करून पुढे केली. मी बाटलीचं झाकण उघडलं. पण आधी त्यांचं बोट टोचलं. एकशे बत्तीस. मग ओतलं.

तेव्हापासून रिटायर होईपर्यंत नाश्ता झाला का, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. बोट पुढे करा म्हणायचे. साहेबांच्या आईलासुद्धा.