तिसरी उकळी

दर्शना परबने माटुंग्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेची भांडी धुतली, आणि धुता धुता त्यांत काय शिजतं ते पाहून निम्मं रसायनशास्त्र शिकून घेतलं. भाऊच्या धक्क्यावरून कोळंबीची टरफलं ती गोणीने आणायची. वाळवून, दळून, कॉस्टिक सोड्यात तीनदा उकळली की त्यांची पांढरी भुकटी होई. तिचा फवारा मारलेले चिकू प्लास्टिक न गुंडाळताही आठवडाभर जास्त टिकत. कॉटन ग्रीनला भाड्याचं गोडाऊन आणि हाताखाली चार बायका, एवढाच तिचा कारखाना.

मग एक परदेशी फंड आला. टाकाऊ मालातून उद्योग उभारणाऱ्यांना तो भांडवल देई. फंडाची मुंबईतली अधिकारी वैदेही म्हणाली, "दर्शनाताई, दोन कोटी मिळतील. पण महिन्याला चाळीस किलो नाही, चारशे हवेत. आधी पंधरा दिवसांत शंभर किलो करून दाखवा."

चौदाव्या दिवशी शेवटची वीस किलो बाकी होती. दर्शनाने वेळ वाचवायला तिसरी उकळी दिलीच नाही. त्या उकळीतच टरफलाला चिकटलेला मांसाचा शेवटचा अंश निघतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शंभर किलो भरली, वैदेही खूश झाली. करारावरच्या सह्या गुरुवारी ठरल्या. त्याच शेवटच्या घाण्यातली, शंभरावर उरलेली थोडी भुकटी नेहमीप्रमाणे दादरच्या फळवाल्या गौतमकडे गेली.

मंगळवारी सकाळी गौतमचा फोन आला. "ताई, लतिका मॅडम म्हणून आपलं गिऱ्हाईक आहे. सालासकट चिकू खाल्ला आणि ओठ, घसा, सगळं सुजलं. हॉस्पिटलात नेलंय. कोळंबी चालत नाही म्हणे त्यांना."

दर्शनाने टॅक्सी पकडली. हॉस्पिटलात नळ्या लावलेली ती अनोळखी बाई श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज करत होती. दर्शना दाराशीच थांबली. आत जाऊन काय सांगणार? दुपारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

लालबागला घरी आल्यावर सासऱ्यांनी, अप्पांनी, तिचं तोंड पाहूनच ओळखलं. "काय झाला गो?"

तिने सगळं सांगितलं. "अप्पा, अजून कोणालाच माहीत नाही. भुकटी कशाची ते गौतमला ठाऊक नाही, त्याला वाटतंय चिकूच खराब होता. दोन दिवस गप्प राहिले तर सह्या होतील."

"आणि मगे चारशे किलो करतलंस? तसलीच?"

कुठल्या कुठल्या घरात कोण कोण तो चिकू खाईल, हेच तिच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

संध्याकाळी तिने आधी गौतमला फोन करून सगळे चिकू उचलायला लावले. मग वैदेहीला. न दिलेल्या तिसऱ्या उकळीचंही सांगितलं.

वैदेही म्हणाली, "सह्या थांबवते. नमुने प्रयोगशाळेत पाठवा. सगळे."

अहवालाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत दर्शना पोलीस येतील म्हणून जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला दचकली. चार बायकांचा पगार कुठून द्यायचा, याचा हिशेब ती रोज रात्री मांडायची. ती दोनदा लतिकाबाईंच्या घरी गेली. पहिल्यांदा खरं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं, तर मी पुन्हा चिकू खाल्ला असता."

अहवालात ऐंशी किलो स्वच्छ निघाली, वीस किलोत दोष. फंडाने दोन कोटींचे पन्नास लाख केले आणि तेही तीन टप्प्यांत. प्रत्येक गोणीची चाचणी बाहेरून करायची, फळांच्या प्रत्येक पेटीवर कोळंबीचा इशारा छापायचा. फळवाल्यांपैकी निम्म्यांनी तो छापील इशारा पाहून माल नाकारला.

दर्शनाने सही केली. ती नेहमीसारखी आली नाही, आणि जुळत नाही म्हणून बँकेने कागद परत पाठवले. तिला पुन्हा करावी लागली.

मागच्या महिन्यात दुबईच्या एका व्यापाऱ्याने तीनशे किलो मागितली, तीही महिन्यात. वैदेहीने त्याला फोनवर घेऊन दर्शनाला विचारलं, "जमेल?"

"साठ जमेल," दर्शना म्हणाली, आणि व्यापारी नाही म्हणेल या धास्तीने फोन कानाला लावूनच उभी राहिली. त्याने नकारच दिला.