वहिनींना गाडी बंद करून बसायचं होतं

फौजेत राजस्थानच्या पोस्टिंगला मी हवालदार होतो, गाड्यांचा मेकॅनिक. नायक आनंदा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. मी सांगलीजवळच्या माधवनगरचा, तो उंब्रजकडचा, त्यामुळं पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. सकाळी पीटी, मग गाड्यांची तपासणी, दुपारी सावली शोधायची. मी एकेका नटबोल्टवर भाषण द्यायचो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मी शिव्या घालायचो. गडी हसायचा.

जूनमधल्या एका दुपारी पुढच्या पोस्टवरून पेशंट आणायचा हुकूम आला, आम्ही दोघं गेलो. एका जवानाला साप चावला होता. स्ट्रेचर चढवेपर्यंत आनंदानं इंजिन बंद केलं, आणि गाडी परत लागेना. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मी बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगी होती, पण कार्बोरेटरला पेट्रोल येत नव्हतं. उष्णतेनं पाइपातच त्याची वाफ झाली होती, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. "ॲम्ब्युलन्स, लोकेशन? ओव्हर."

"पोस्ट पर ही हैं, सर. इंजन गरम है. पाँच मिनट. ओव्हर," मी म्हणालो.

"पाँच मिनट नहीं हैं. ओव्हर."

आनंदानं अंगातला बनियन काढला, आमच्या दोघांच्या बाटल्यांतलं सगळं पाणी त्यावर ओतलं आणि तो पंपाला गुंडाळला. पंप निवला. गाडी लागली. जवान वाचला.

पुढं उत्तरेत रस्त्यावर दरड कोसळली, ती आनंदाच्या गाडीवर. तिरंग्यात गुंडाळलेल्या त्याला उंब्रजला घेऊन मीच आलो. त्यावर जास्त लिहिवत नाही.

यंदा त्याच्या पुण्यतिथीच्या आधी शालनवहिनींचा, म्हणजे आनंदाच्या बायकोचा, फोन आला. त्यानं सुट्टीत हौसेनं घेतलेली जुनी कार त्या अजून चालवतात. "भावजी, सकाळी एका चावीत लागती. तापली की लय छळती," म्हणाल्या. गॅरेजवाल्यांनी बॅटरी, प्लग, सेल्फ, सगळं बदलून दिलं होतं. माझं डोकंच फिरलं. अरे, दुखतंय कुठं ते आधी बघाल की नाही?

घाट चढून गेल्यावर आनंदाच्या मूळ गावात त्याच्या स्मारकाचा चौथरा आहे. वहिनी दरवर्षी जातात. एकदा तिथं गाडी बंद केली, तर लोकांना ती ढकलत उताराला न्यावी लागली. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून इंजिन चालूच ठेवायचं, फुलं वाहायची, हात जोडायचे आणि निघायचं. "एकदा तरी गाडी बंद करून बसायचं हाय त्यांच्यापाशी," एवढंच बोलल्या.

मी उंब्रजला गेलो. गाडी हायवेला नेऊन चांगली तापवली, बंद केली, थोडा थांबलो. लागेना. ठिणगी ठीक, कार्बोरेटर कोरडा. पंपावर ओलं फडकं टाकलं, लागली. रोग सापडला. सायलेन्सरचं काम करताना कुणा शहाण्यानं पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टच्या तापत्या नळीला खेटून बांधला होता आणि मधला, धग अडवणारा पत्रा काढून टाकला होता. माधवनगरला परतून शेजारच्या कुपवाडच्या एका वर्कशॉपातून पत्रा कापून आणला, बसवला, पाइप लांबून फिरवला. परत तापवून बघितली. लागली.

त्याच्या दिवशी आम्ही घाट चढलो. चौथऱ्यापाशी वहिनींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, पण हात किल्लीवरनं काढेनात. मी मान डोलावली, तेव्हा उतरल्या. मी सॅल्यूट केला आणि लांब जाऊन उभा राहिलो. वहिनी खाली बसून हळू आवाजात बोलत होत्या. मी तोंड फिरवलं.

बराच वेळ गेला. ऊन कलायला लागलं तसा मी जवळ गेलो. वहिनींनी डोळे पुसले.

"आवं भावजी, येवढ्या वर्षांचं सांगायचं राहिलं हुतं. आत्ता कुठं लेकीच्या लग्नापर्यंत आलीया."

"बसा वहिनी," मी म्हणालो. "गाडी लागंल."