नामाचं घर भडके कसं झालं

आमच्या गावात आडनावाला फारशी किंमत नाही. सगळ्यांची आडनावं म्हात्रे नाहीतर पाटील. म्हणून प्रत्येक घराला एक ओळखीचं नाव असतं आणि ते लोक देतात. माझं घर उलट्यांचं. आजोबांनी एकदा छपरावर कौलं उलटी लावली होती. आजोबा गेले, कौलं गेली, वर स्लॅब पडला. तरी माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत कंसात ‘उलटे’ छापावंच लागलं, नाहीतर पाहुण्यांना घर सापडलं नसतं.

नामाच्या घराला असं नाव नव्हतं. त्याला ते बरं वाटायचं.

नामा आणि मी मिठागरात बरोबर काम केलं. पुढे मिठागरं बंद पडली तेव्हा रेवसच्या जेट्टीवर बरोबर ओझी वाहिली. कामाला तो पक्का. माझं माणसाबद्दलचं मत त्याच्या कामावरून ठरतं, म्हणून हे आधी सांगून टाकतो. पण त्याच्या हातातून वस्तू सुटत नसे. चपला काखेत धरून बांधावरून चालायचा आणि परगाव आलं की तेवढ्या घालायचा. पायांत काटे मोडायचे. मी म्हणायचो, “पाय तुझे, चपला तुझ्या. एकाला तरी वापर.” तो म्हणायचा, “पाय भरून येतो. चप्पल येते का भरून?”

त्याचा मुलगा धनेश ट्रेलर चालवतो. त्याने बापाला फ्रिज घेऊन दिला. नामाने तो कधी चालू केला नाही. त्यात काडेपेट्या, पापड आणि लग्नातला कोट ठेवला. म्हणाला, “पावसात दमट होत न्हाय. चांगली पेटी हाय.”

आणि फाटी. जळणाचा त्याला भारी नाद. खाडीला वाहून आलेल्या फळ्या, नारळाची सोडणं, वाळल्या झावळ्या, मोडक्या होडीच्या बरगड्या. दुसऱ्याने ढुंकून पाहिलं नसतं असं ओझं तो चिखलातून खांद्यावर घेऊन यायचा. परसात छपराला टेकेल एवढी रास केली आणि वर ताडपत्री बांधली. त्याची बायको ठमी विचारायची, “अवो, ही कधी जाळायची?” तो म्हणायचा, “पावसात लागंल.” पाऊस येऊन जायचा. रास वाढायची.

गेल्या दिवाळीनंतर समाजमंदिरात मोठ्या बायांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग सुरू झाला. शिकवायला पाटलांची मृणाली. ती कॉलेजात आहे. ठमी पहिल्या दिवसापासून पुढे बसली. एके दिवशी मृणालीने फळ्यावर तीन शब्द लिहिले. गृह, वृक्ष, कृपण. मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

ठमीने विचारलं, “बाई, घर कळलं, झाड कळलं. हा तिसरा कोन?”

मृणाली म्हणाली, “जवळ असूनसुद्धा जो खर्च करत नाही, कुणाला देत नाही, स्वतःही वापरत नाही, तो कृपण.”

सगळ्या बाया एकदम ठमीकडे वळल्या.

ठमीने शब्दाकडे नीट बघून घेतलं. म्हणाली, “बाई, पुस्तकवाल्यांनी आमच्या घरात डोकावलं कधी?”

मृणालीने शब्दांचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. गृह आणि वृक्षाची वाक्यं निरनिराळी आली. कृपणचं वाक्य मात्र प्रत्येकीचं एकच होतं. त्यात नामा होता.

नामाला चिंगूस, चिकट हे शब्द नवे नव्हते. ते त्याने अंगावरच्या घामासारखे पुसून टाकले असते. पण हा शब्द पुस्तकातला. शिवाय तो बायांच्या तोंडी बसला. पाणवठ्यावर ‘कृपणाची ठमी आली’ सुरू झालं. दूधवाला म्हणू लागला, कृपणांकडे अर्धा लिटर. पोरीचं, विनिताचं, लग्न शिमग्यानंतर ठरलं होतं. पेणकडच्या व्याह्यांनी एकदा वाटेत कुणाला तरी घर विचारलं, तर तो बोट दाखवून म्हणाला, “कृपणांचं ना? ते ताडपत्रीवालं.”

नामा त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. चपला घालून आला. मी घाबरलोच.

“शिवदास, पत्रिका छापायच्यात. कंसात ते नाव आलं तर पोरीला सासरी तेच चिकटंल. नातवंडांनाही. तू उलटा हायस, तुला काय!”

“मग एकदा लोकांना पोटभर घाल,” मी म्हटलं. “पोपटी लाव. व्याह्यांना बोलाव, वर्गातल्या बायांना बोलाव. नाव आपोआप पुसंल.”

त्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, “व्हय. पण आग मी लावणार.”

हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वर मीठ आणि ओवा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती आग करायची. पाणी अजिबात घालायचं नाही. सोपं वाटतं. सोपं नाही. आग अर्धा तास, सारखी, चारही अंगांनी हवी. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं आणि वास सुटला की काढायचं. यात ताकद लागत नाही, लक्ष लागतं.

सामान नामाने खरंच सढळ आणलं. नवी मडकी, गावठी कोंबड्या, शेंगांच्या दोन गोणी. मडकी मी भरली. पाला दाबून भरायला वेळ लागतो. मी लावला. व्याही खुर्च्यांवर बसले, बाया सतरंजीवर. मृणालीही आली.

मी नामाला सांगितलं, “आता रास फोड.”

तो परसात गेला आणि काखेत मावतील एवढ्या झावळ्या घेऊन आला.

“एवढ्याच?”

“बघू तर. पेटलं तर पेटलं.”

पेटलं नाही. धूर झाला. व्याही खोकायला लागले. डोळे पुसत म्हणाले, “व्याही, फाटी संपली काय?” त्यांच्या मागे ताडपत्रीची रास छपराला टेकलेली. सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारच्या प्राप्तीची म्हातारी आई, जी वर्गात सगळ्यांत मागे बसते आणि जिला अजून काना-मात्रा जमत नाही, तिने हळूच सुरू केलं, “कृ…”

तिने शब्द पुरा केला नाही. गरज नव्हती.

नामा उठला. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या नाहीत, तोडल्या. सोडणं आणली, ओतली. फळ्या आणल्या. होडीच्या बरगड्या एकट्याने उचलल्या. मी ओरडत होतो, “नामा, पुरे! आता पुरे!” त्याला पुरे म्हणजे किती ते कुठे माहीत होतं? जन्मात कधी वापरून बघितलं नव्हतं.

इतकी वर्षं वाळलेलं लाकूड. असा भडका उठला की माझ्या भुवया गेल्या. व्याह्यांनी खुर्च्या मागे घेतल्या. परत मागे घेतल्या. शेवटी ते कुंपण ओलांडून शेजारच्या अंगणात बसले. नारळाची खालची झावळी करपली. रेवसच्या जेट्टीवरून फोन आला, बोट पेटली का म्हणून. मडक्यांपर्यंत पोचायचं कुणाला जमेना. पाणी शिंपडायला गेलो तर ते वाटेतच चर्र करत होतं.

नामा मात्र कमरेवर हात ठेवून उभा होता. घामाने निथळलेला. म्हणाला, “बघा! अजून हाय पाठीमागं. आणू?”

“नको!” सगळे एकदम ओरडले. व्याहीही.

आग बसली तेव्हा मडकी फुटली होती. शेंगांचा कोळसा झाला होता. कोंबडी कुठली आणि बटाटा कुठला, ते ओळखायला आलं नाही. लोक उपाशी जाऊ नयेत म्हणून नामाने नाक्यावरून वडापाव मागवले. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. व्याह्यांनी तीन खाल्ले आणि जाताना पुन्हा पुन्हा मागे बघत म्हणाले, “काय भडका होता हो! आमच्या पेणला असा कुणी केला न्हाय.”

झालं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बाया म्हणाल्या, भडक्यांची ठमी आली. दूधवाल्याने लगेच बदल केला. लग्नपत्रिका छापून आली, कंसात ‘भडके’. नामा ती घेऊन माझ्याकडे आला.

“कसं दिसतं, शिवदास?”

“मोठं दिसतं. उदार घराणं वाटतं.”

“तुझ्या भुवया आल्या का?”

“येतात. चप्पल थोडीच आहे!”

तो खूष होऊन गेला. काखेत चपला होत्या.

तो गेल्यावर ठमी आली. तिला वर्गाच्या परीक्षेची तयारी करायची होती. म्हणाली, “भावजी, कृपणाचं जुनं वाक्य चालंल ना? का आता बदलायचं?”

मी म्हटलं, “का? काय झालं?”

ती म्हणाली, “आगीतला सगळा कोळसा धुऊन, वाळवून ठेवलाय यांनी. इस्त्रीवाल्याला पण देत न्हायत.”

“ठेवला कुठे?”

“फ्रिजात. पावसात लागंल म्हणतात.”

मी म्हटलं, “मग जुनंच लिही.”