भिंत भक्कम आहे, असं साहेब म्हणाले

आमच्या तळ्यात पाणी साठो न साठो, किस्से मात्र साठतात. आणि ते कधी गळत नाहीत! उदगीरहून निलंग्याकडे जाताना आडवाटेला आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला हे पिण्याच्या पाण्याचं तळं, आणि तळ्याच्या मातीच्या भिंतीखाली आमची आळी. म्हणजे पावसाळ्यात पाणी आमच्या पत्र्यांपेक्षा उंच! नळाला जोर चांगला असतो, एवढं सोडलं तर या मांडणीत आनंद मानावा असं काही नाही.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी भिंतीवर फिरायला जातो. फिरणं हे निमित्त. खरं तर भिंत जागेवर आहे का, ते बघायला जातो. बायको म्हणते, "तुम्हाला तर प्रसादाच्या शिऱ्यातही खडा दिसतो." असेल. पण माझ्यासोबत आणखी तिघं असतात. चाँदभाई, जन्मभर एसटी चालवलेले. सरपंचबाई, सरपंचकी जाऊनही हाक तीच राहिलेल्या. आणि भुजंगराव, ज्यांचा ऊस भिंतीच्या पायथ्याला लागून आहे. चाँदभाईंचा संशय पाटबंधारे खात्यावर, सरपंचबाईंचा सगळ्यांवर, आणि आम्हा तिघांचा भुजंगरावांवर!

*

एका उन्हाळ्यात सगळं रान वाळून गेलेलं, आणि भिंतीच्या पायथ्याला मात्र हिरवंगार गवत. म्हशीचे पाय रुतत होते. मी खात्याच्या साहेबांना फोन करकरून बोलावून घेतलं. साहेब आले, ओल बघायला पुढे झाले, आणि त्यांचा बूट चिखलात गेला तो मोठा आवाज करत बाहेर आला.

"हा पाझर आहे गुरुजी. मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच. नॉर्मल आहे."

"मग काळजी कधी करायची?"

"पाझर वाढला की."

"आणि वाढला हे कसं कळणार?"

साहेब रुमालानं बूट पुसत म्हणाले, "तुम्ही खालीच राहता ना? सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल!"

*

भिंतीवर बाभळी माजल्या होत्या. झाडाची मुळं भिंतीत शिरतात, कुजली की पाण्याला वाट होते, हे साहेबांनीच आम्हाला सांगितलं होतं. आम्ही मागं लागलो तेव्हा कुठे बाभळी तोडल्या. आम्हाला इतकं बरं वाटलं की सरपंचबाईंनी मजुरांना चहा पाजला.

पाऊस पडला, आणि एक दिवस भिंतीवर मंडप! वृक्षारोपण! ज्या मजुरांनी बाभळी तोडल्या, तेच खड्डे खणत होते. पाहुण्यांनी रोपं लावली, फोटो काढले, साहेबांनी झारीनं पाणी घातलं.

चाँदभाईंना राहवेना. "साब, ये क्या हो रहा है? ही झाडं जगली तर भिंत जाईल की!"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाँदभाई, बिल्कुल घाबरू नका. आम्ही लावलेली झाडं जगत नाहीत."

*

सांडव्याजवळ दगडी खांबावर पाणी मोजायचे आकडे रंगवलेले आहेत. ते पुसट झाले म्हणून खात्यानं पेंटर पाठवला. बिचारा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला खालचे आकडे दिसेनात, ते पाण्यात होते. तो काही बुडी मारणार नव्हता! पाणी जिथं टेकलं होतं तिथं त्यानं शून्य टाकलं आणि वर चढत गेला.

उन्हाळ्यात पाणी शून्याच्या खाली उतरलं. चौकीदारानं वर कळवलं, "पाणी शून्य." वरून हुकूम आला, तळं आटलं, गावाला टँकर सुरू करा. आम्ही भिंतीवर उभं राहून समोरचं पाणी बघतोय, आणि खाली आळीत टँकर येऊन उभा! बायाबापड्या घागरी घेऊन धावल्या. फुकटचं कोण सोडतो?

सरपंचबाईंनी मात्र ओंजळभर पिऊन बघितलं आणि ड्रायव्हरकडे रोखून पाहिलं. "कामून रे, हे पाणी तर आपल्याच तळ्यावाणी लागून राहिलंय?"

"मावशी, दुसरं जवळ हाय कुठं भरायला?"

*

मग पाटी आली. लाल अक्षरात: "धोका! भिंतीवर थांबू नये." आम्ही चौघं पाटीखालीच बसलो होतो. चाँदभाईंनी ती दोनदा वाचली.

"गुरुजी, एसटीत पण अशी पाटी असते. दारात उभं राहू नये. पण तिथं निदान आत बसायला सीट असते! हे लोक वर थांबू नका म्हणतात. अन् खाली झोपलेलं चालतं?"

भुजंगराव तेवढे हसले.

*

तर भुजंगराव. उन्हाळ्यात सगळ्यांचे बोअर कोरडे पडतात, पण यांचा ऊस भिंतीच्या ओलीवर मजेत डुलत असतो. गळतीचा विषय निघाला की हे तंबाखू मळायला लागतात. मला खरंच राग यायचा, अजून येतो. त्यांचं घर वर माळावर. भिंत गेली तर त्यांचा ऊस जाईल, आमची माणसं जातील.

खात्याची दुरुस्तीची गँग आली तो दिवसही त्यांनी बरोबर साधला. आम्ही तिघं लातूरला एका लग्नाला गेलो होतो. भुजंगरावांनाही आमंत्रण होतं, पण "उसाला पाणी द्यायचं हाय" म्हणून ते राहिले. त्या उसाला पाणी! तिथंच मला शंका यायला हवी होती.

परत येऊन बघतो तर भिंतीला सुंदर नवा मुरूम, दगड नीट रचलेले. फक्त दुसऱ्या टोकाला. जिथं कधी थेंब गळला नाही तिथं!

मुकादमाला विचारलं तर तो खूश होता. "तुमच्याच गावच्या मालकानं जागा दावली. जेवण बी लई भारी घातलं!"

सरपंचबाई तडक उसात शिरल्या. आम्ही बांधावर.

"भुजंगभाऊ, कोरड्या जागी दगडं कामून लावली?"

"मी म्हटलं बाई, जिथं गळत न्हाई तिथं आधी बळकट करावं. म्हंजे तिथं पुढं गळायचं न्हाई!"

"अन् गळतंय तिथं?"

"तिथं तर गळूनच राहिलंय. तिथं आता काय बिघडायचं राहिलंय?"

संध्याकाळी त्यांनी तिघांच्याही घरी उसाची मोळी पाठवली. ऊस फार गोड होता, हे मला कबूल करावं लागतं.

*

आणि हा यंदाचा किस्सा. पाऊस असा लागला की तळं काठोकाठ भरलं, सांडवा वाहू लागला. भुजंगरावांच्या उसात पायथ्याला घोटाभर पाणी, तेही गढूळ. स्वच्छ पाझरतंय तोवर ठीक, गढूळ आलं की माती सुटतेय, एवढं आता आमच्या आळीतल्या पोरांनाही कळतं. आमची झोप उडालेली, पण वर तयारी चाललेली जलपूजनाची. भरल्या तळ्याची साडीचोळी, नारळानं ओटी भरायची, ही इकडची पद्धतच आहे.

साहेब स्वतः आले. पूजा झाली, ओटी पाण्यात सोडली. मग त्यांनी माइक हातात घेतला. "भिंत भक्कम आहे. मी स्वतः तपासली आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. निश्चिंत राहा!" टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या, साहेब समोर होते.

सरपंचबाई पदर सावरत पुढे आल्या. "साहेब, पुरणपोळी केलीय. आमच्या घरी जेवायला चला. लांब न्हाई, हे काय, भिंतीखालीच."

साहेबांनी आधी तळ्याकडे बघितलं. मग खाली आमच्या पत्र्यांकडे बघितलं. मग घड्याळाकडे.

"बाई, असं करा ना... डबा वरच आणा. इथं हवा छान आहे."

हवा कसली! पाऊस भुरभुरत होता, माणसं छत्र्या धरून उभी होती.

सरपंचबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आणते की."

गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोक्यावर टोपली, टोपलीत डबा. मागे सून, तिच्या कडेवर तान्हं. तिच्या मागे दोन्ही नाती, दप्तरांसकट. मग लेक, डोक्यावर गाद्यांची वळकटी आणि हातात शेळीची दोरी. आणि त्याच्या मागून, एकामागून एक, आमची सगळी आळी चढून येत होती.

सरपंचबाईंनी साहेबांपुढे ताट मांडलं, पोळीवर तूप सोडलं. साहेबांचा घास हातातच राहिला.

"हे काय बाई? ही सगळी मंडळी?"

"तुमी जेवा साहेब, सावकाश," सरपंचबाई नातींना जवळ घेऊन खाली बसल्या. "तुमी वर बसताव तवर आमी बी वरच बसताव."